हात लावून पाहिले

माझ्या पत्नीला मी हे सांगितले नाही, आणि आता सांगण्यासाठी ती उरलेली नाही. मुलीला सांगितले नाही. ज्या बाईंना सांगणे माझे कर्तव्य होते त्यांना तर नाहीच. तुम्ही कोण आहात, कुठे बसून हे वाचता आहात, मला ठाऊक नाही—आणि मला वाटते, ठाऊक नाही म्हणूनच माझी लेखणी चालते आहे. याला धैर्य म्हणू नका. अनोळखी माणसासमोर बोलायला फारसे धैर्य लागत नाही.

मला ओळखणारी माणसे मला पत्रे लिहिणारा म्हणून ओळखतात. इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्स या शहरात, मी एकटा राहतो. इथे चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी लाल रंगाच्या वेगळ्या वाटा आहेत. त्यांना रेडवे म्हणतात. रेडवेवरचा दिवा विझला की कौन्सिलला माझे पत्र जाते. कचऱ्याची गाडी ठरल्या दिवशी आली नाही की जाते. ग्रंथालयाने वेळ कमी केली तेव्हा नियमांच्या उताऱ्यांसह गेले. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र. उत्तर आले तर त्या उत्तराला उत्तर. माझी मुलगी रीडिंग शहरात एका संगणक कंपनीत आहे. रविवारी तिचा फोन येतो.

"बाबा, कौन्सिलला अजून एक पत्र लिहिला तुम्ही?"

"लिहिलं. पत्र नपुंसकलिंगी आहे."

"ओके, लिहिलं. बट व्हाय? दिवा आहे तो, मर्डर नाही."

"चूक त्यांची आहे म्हणून."

"दर वेळी त्यांचीच कशी असते, बाबा?"

ती हसते, मुले हाका मारतात, ती फोन ठेवते. मग मला फ्रीजची घरघर ऐकू येते. प्रश्न तिने थट्टेत विचारलेला असतो. मी मात्र तो घेऊन बसतो. दर वेळी त्यांचीच नसते, बाळ. एका वेळी नव्हती.

मी मुंबईहून पशुवैद्यकाची पदवी घेऊन या देशात आलो. ही पदवी इथे उपचार करण्यास पुरेशी नाही, पुन्हा परीक्षा द्यावी लागेल, असे मला कळवण्यात आले. मी परीक्षा दिली नाही; पत्रे लिहिली. त्यांचा उपयोग झाला नाही. अखेर, गुरांना काय आणि किती खाऊ घालावे याचा सल्ला शेतकऱ्यांना देणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. गुरे मांसासाठी वाढवली जाणारी. हे मी स्पष्टच लिहितो, कारण आमच्या लोकांत ते स्पष्ट बोलले जात नसे. थट्टेत मात्र बोलले जाई.

लंडनच्या ईलिंग भागात आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम होत. येणारे बहुतेक इस्पितळांतले डॉक्टर—हृदयाचे, हाडांचे, लहान मुलांचे. आणि एक मी.

"या, या, ढोरडॉक्टर!" भूल देणारे एक गृहस्थ दारातच म्हणत. "बूट बाहेर काढलेत ना? की गोठा बरोबर आणलात?"

"अरे, हसू नका," हाडांचे डॉक्टर म्हणत. "ह्यांचा पेशंट बरा झाला की थेट ताटात जातो. फॉलो-अपची कटकट नाही."

सगळे हसत. मीही हसे. परतताना गाडीत माझी पत्नी तिच्या बाजूची काच थोडी खाली करून बसे. तिचाही दोष नव्हता. वास खरोखरच येत असे. कपडे बदलले, साबण लावला, तरी गुरांचा वास नखांच्या कडांत आणि कानांच्या पाळ्यांमागे राहतो. थट्टेने मला जितके दुखावले नाही तितके त्या काचेने दुखावले. मी हे सबब म्हणून सांगत नाही. पण ते घडले, म्हणून नोंदवतो.

आता माझ्या कामाविषयी थोडे सांगावे लागेल. नाहीतर मी काय केले ते तुम्हांला क्षुल्लक वाटेल.

वाढत्या वयाच्या गुराला हिवाळ्यात किती खाद्य द्यावे हे ठरवण्यापूर्वी त्याच्या अंगावर किती मांस आणि चरबी आहे ते पाहावे लागते. इथले लोक याला नुसते 'कंडिशन' म्हणतात. आपल्याकडे म्हणतात—गुराने अंग धरले आहे की नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधल्या जागी पाठीवर हात ठेवायचा. मग शेपटीच्या मुळाशी. हाडांची टोके बोटांना टोचली तर अंक एक. टोके लागतात पण बोथट, तर दोन. दाबल्याशिवाय लागतच नाहीत, तर तीन. असे पाचपर्यंत. मग त्या अंकांवरून गुरांचे गट पाडायचे. खंगलेली वेगळी काढून त्यांना जास्तीचे सातू घालायचे. मधल्या गटाला बेताने ठेवले तरी चालते, कारण हिवाळ्यात थोडे हात राखून वाढवलेले जनावर वसंतातल्या गवतावर आपली तूट भरून काढते. मात्र मुळात अंगावर काही असेल तरच.

आणि हे सारे हाताचे काम आहे. डोळे फसतात. थंडीच्या तोंडाशी गुराच्या अंगावर दाट केस येतात. निकस चारा खाऊन पोट फुगते. केसाळ, पोटाने गोल दिसणारे वासरू केसांखाली नुसता सापळा असू शकते. मी हे किती शेतकऱ्यांना किती वेळा ऐकवले असेल! "दुरून बघू नका," मी म्हणत असे, "हात लावा." काही जण मागे माझी नक्कलही करीत.

मिसेस बार्लो त्या शेतकऱ्यांपैकी एक होत्या. आम्ही घरी त्यांना बार्लोबाई म्हणत असू. बकिंगहॅमशायर परगण्याच्या उत्तरेला, चिकण मातीच्या जमिनीवर त्यांचे लहानसे शेत होते. नवरा वारला होता, मूल नव्हते. दर वर्षी वीस-पंचवीस वासरे त्या वाढवीत आणि विकीत. बाकी दिवस घर आणि गोठा. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, गुरांच्या बाजारात जात. लिलावाच्या रिंगणाच्या वरच्या मजल्यावर चहाची एक खोली होती. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, आल्यागेल्याशी दोन शब्द बोलून त्या परत येत. "गुरुवार झाला की माझा आवाज मला परत मिळतो," असे एकदा मला म्हणाल्या होत्या. "एरवी मी फक्त 'हो-हो' आणि 'हट' म्हणते." मी हसलो होतो. आज त्या वाक्याचा अर्थ मला कोणी समजावून सांगायला नको.

ऐंशीच्या दशकातल्या एका शरद ऋतूत त्यांचा फोन आला. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती.

"पूर्वी मीच हात लावून बघायची," त्या म्हणाल्या. "आता हाताला काही कळत नाही, मिस्टर के." केळकर हे आडनाव त्यांच्या जिभेला कधी पेलले नाही. "बशी आहे की वासरू, एवढंच कळतं. तुमचे हात एक दिवस मला उसने द्या."

मी शनिवार दिला. शनिवारी माझी सुट्टी असे; पण कामाच्या दिवशी मला वेळ नव्हता, आणि बाईंना थांबवणे योग्य नव्हते. इतके सौजन्य माझ्यात होते, हे मी लिहून ठेवतो. पुढे त्याचा काही आधार मिळणार नाही.

त्याच दुपारी ईलिंगला मंडळाची वार्षिक सभा होती. मंडळाच्या नव्या घटनेचा मसुदा मी तयार केला होता. कलम, उपकलम, परंतुके—त्या डॉक्टरांपैकी एकालाही तसा मसुदा लिहिता आला नसता. त्या दिवशी मी ढोरडॉक्टर म्हणून जाणार नव्हतो. मी करड्या रंगाचा नवा सूट शिवून घेतला होता, आणि वेळ वाचावा म्हणून सकाळी तो घालूनच बार्लोबाईंच्या शेतावर गेलो. वर चढवायचा कामाचा झगा आणि रबरी बूट गाडीच्या डिकीत होते.

"अरे वा! लग्न कुणाचं?" बाईंनी दारातच विचारले.

"लंडनला सभा आहे."

"मग आधी चहा घ्या. गुरं कुठे पळत नाहीत."

गुरे आडोशाच्या आवारात उभी होती. शेजाऱ्याने आदल्या दिवशी ती कुरणातून आणून दिली होती. अंगे ओली होती, वाफ निघत होती, जमिनीवर घोट्याएवढा चिखल होता. एकेक जनावर धरून ठेवण्याचा लोखंडी सांगाडा—इथे त्याला क्रश म्हणतात—बाईंनी झाडून, बिजागऱ्यांना तेल घालून तयार ठेवला होता. त्या वाकड्या बोटांनी तेलाचा डबा कसा धरला असेल? हे मला तेव्हा सुचले नाही. बाई चहा करायला आत गेल्या आणि मी फाटकापाशी एकटा राहिलो.

मी रेंगाळतो आहे, हे मला कळते आहे. तुम्हांलाही कळले असेल.

मी फाटकाला हात लावला. ते ओले आणि शेणाने माखलेले होते. मी हात मागे घेतला. रुमालाने पुसला. मग स्वतःशी म्हणालो—इतकी वर्षे हे काम करतो आहेस, तुला नजरेनेही कळेल. असे कोणी शेतकरी म्हणाला असता तर मी त्याची काय संभावना केली असती! गुरे चांगली केसाळ होती, पोटाने भरलेली दिसत होती. मी बाहेर उभा राहून, एकेकाकडे बोट करीत, अंक ठरवले. बहुतेक सगळ्यांना मधला. मागच्या भिंतीशी उशिरा जन्मलेल्या काही कालवडी होत्या, इतरांच्या आड. त्यांच्या पाठी मला नीट दिसतही नव्हत्या. त्यांनाही मधला.

एकाही गुराला मी हात लावला नाही.

हे ते वाक्य. लिहिल्यावर किती लहान दिसते!

बाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"झालंसुद्धा? एवढ्यात?"

"सवयीचा हात आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. मी चहा घेतला, खाद्याचे प्रमाण सांगितले—सगळ्यांना एकत्र ठेवा, चारा आणि थोडेसे सातू, जास्त घालू नका, वाया जाईल—आणि निघालो. घरी पत्नी जरीकाठाची साडी नेसून तयार होती. गाडीत बसता बसता ती माझ्या खांद्याशी वाकली आणि तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई! आज चक्क वास नाही हो तुम्हांला!"

ती रस्ताभर काच न उघडता बसली. बोलत होती, हसत होती, मध्येच माझ्या बाहीवरून हात फिरवीत होती. मी सुखी होतो. या हकिकतीतला सर्वांत लाजिरवाणा भाग हाच आहे—त्या दिवशी मी सुखी होतो.

सभेला पुरेसे सभासद आले नाहीत. ज्या जुन्या कलमाचा मी वर्षानुवर्षे आग्रहाने दाखला देत आलो होतो त्याच कलमानुसार ती तहकूब झाली. "वा, ढोरडॉक्टर आज नवरदेव!" भूल देणारे गृहस्थ म्हणाले, आणि सगळे बटाटेवड्यांकडे वळले.

हिवाळ्यात, नाताळ उलटल्यावर, बाईंचा फोन आला.

"मिस्टर के, मागच्या त्या लहान कालवडी गव्हाणीपाशी पुढे येत नाहीत. मोठी त्यांना ढकलतात. मला त्यांचं लक्षण बरं दिसत नाही. सातू वाढवू का?"

मी काय करायला हवे होते? गाडी काढून जायला हवे होते. पण गेलो असतो तर हात लावावा लागला असता. मी त्यांना तत्त्व सांगितले. हिवाळ्यात थोडे हात राखलेलेच बरे, वसंतात तूट भरून निघते, धीर धरा. तत्त्व खरे आहे. पुस्तकांतून छापलेले आहे. एवढी खरी गोष्ट इतक्या खोटेपणाने कोणी सांगितली नसेल.

"तुम्ही म्हणता तर ठीक," बाई म्हणाल्या. "हात तुमचे."

हिवाळा सरत आला तेव्हा तीन कालवडी बसल्या त्या उठल्या नाहीत. बाकीच्यांपैकी अर्धीअधिक गुरे खंगली होती. या वेळी मी झगा घालून गेलो. क्रशमध्ये पहिलीच कालवड उभी केली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. केसांखाली पाठीची हाडे कंगव्याच्या दातांसारखी एकामागून एक लागली. हाडे एका रात्रीत वर येत नाहीत. शरद ऋतूतही ती तिथेच होती, माझ्यापासून फाटकाच्या अंतरावर.

बाई समोर उभ्या होत्या. तो क्षण माझा होता. मला फक्त एक वाक्य बोलायचे होते. मी म्हणालो—जंत असावेत, फुप्फुसांचाही दोष असू शकेल. मी येऊन गेल्यानंतर काहीतरी झाले आहे. शरदात ही गुरे ठीक होती.

"ठीक होती?" बाई म्हणाल्या.

मी जे इंग्रजीत बोललो त्याचे मराठी असे होईल: "मी प्रत्येकाला हात लावून पाहिलं होतं."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांची नजर क्रशकडे गेली, आणि तिथून माझ्या बाह्यांकडे. झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत शेणाने भरल्या होत्या—काम झालेल्या माणसाच्या असतात तशा.  त्यांना तिथेच, तेव्हाच कळले.

आपल्या भाषेत पाहणे केवळ डोळ्यांचे नसते. आपण चाखून पाहतो, विचारून पाहतो, करून पाहतो. मी पुष्कळ वर्षे या क्रियापदाच्या आडोशाला उभा राहिलो. गुरे मी पाहिली होती. हे असत्य आहे काय?—असा युक्तिवाद मी मनातल्या न्यायालयात करीत असे. दोन्ही बाजूंचा वकील मीच, आणि न्यायाधीशही मीच. खटला मी दर वेळी जिंकत असे.

पुढच्या एका गुरुवारी बाजारात, चहाच्या त्या खोलीत, कोणीतरी बाईंना विचारले की तुमची गुरे अशी कशी झाली. बाई म्हणाल्या, "मिस्टर के लग्नाच्या सुटात आला आणि तसाच स्वच्छ परत गेला. माझ्या एकाही वासराला त्याने हात लावला नाही."

त्या भागात असे वाक्य फार लवकर फिरते. आठवड्याभरात मी ज्या शेतावर जाई तिथे—"काय मिस्टर के, आज सूट नाही?" एकाने तर फाटकावर स्वच्छ टॉवेल टांगून ठेवला होता. पुन्हा हसणे. पुन्हा मी हसायचे.

आणि मला राग आला. खरा, प्रामाणिक, कानशिले तापवणारा राग. हे कसे घडते? माझ्याविषयी बोलले गेलेले प्रत्येक अक्षर खरे आहे हे ठाऊक असताना माझ्या अंगाची लाही लाही कशी झाली? याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. खोटे बोलणाऱ्याचा राग पोकळ असतो असे लोक समजतात. नसतो. मी स्वतः अनुभवले आहे.

मी टंकलेखन यंत्र पुढे ओढले.

ते माझे सर्वोत्तम पत्र होते. त्यात एकही शब्द जादा नव्हता. माझ्या व्यवसायाला आणि प्रतिष्ठेला बाधा आणणारे असत्य विधान आपण त्रयस्थांसमोर केले आहे, असे मी लिहिले. न्यायालयात ते सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर राहील. आपण स्वतः घटनास्थळी नव्हता, आपण स्वयंपाकघरात होता, हे ध्यानात घ्यावे. हे वाक्य लिहिताना मला समाधान वाटल्याचे आठवते—त्या माझ्यासाठी चहा करायला आत गेल्या होत्या, आणि ते मी त्यांच्याविरुद्ध वापरले. शेवटी मागणी: बदनामी ज्या जागी आणि ज्या लोकांसमोर झाली, त्याच जागी आणि त्याच लोकांसमोर आपण ते विधान मागे घ्यावे. अन्यथा दावा. त्यांना वकील परवडणार नाही हे मला ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच लिहिले.

त्या आल्या. गुरुवारी, दुपारी, चहाच्या खोलीत. मीही गेलो होतो, साक्षीला. खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या नाहीत. निळा कोट, डोक्यावर बाजाराची नेहमीची टोपी, दोन्ही हात कोटाच्या खिशांत. लोक भाजलेल्या डुकराच्या मांसाचे सँडविच खात होते, ते थांबले.

"मिस्टर के म्हणतात, त्यांनी माझ्या गुरांना हात लावून पाहिलं," बाई म्हणाल्या. आवाज कापत नव्हता. "मी म्हणाले होते, नाही पाहिलं. मी जे म्हणाले ते मागे घेते."

 मग कोपऱ्यातून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "झालं ना आता? बस, पोरी, चहा घे." साठीच्या बाईंना तो पोरी म्हणाला, बहुधा लहानपणापासून ओळखत असावा.

माझ्या लक्षात तत्काळ आले—तुमच्या आले काय? त्यांनी विधान मागे घेतले; ते खोटे होते असे म्हटले नाही. जिभेवर आणलेच नाही. त्या जागी दुसरे कोणी असते तर मी हरकत घेतली असती: हे पुरेसे नाही, 'असत्य' हा शब्द स्पष्टपणे उच्चारला गेला पाहिजे. मी हरकत घेतली नाही. मी म्हणालो, "आभारी आहे," आणि हात पुढे केला.

त्यांनी खिशातून हात काढला नाही. भोवतालच्यांना वाटले, बिचारीची बोटे दुखत असतील. त्या वळल्या आणि जिना उतरून गेल्या, एकेक पायरी, कठडा न धरता.

त्या उन्हाळ्यात त्यांनी उरलेली गुरे विकली. घेणाऱ्यांनी रिंगणाच्या कडेने त्यांच्या पाठींवरून हात फिरवले आणि माना हलवल्या. शेत दुसऱ्याला कसायला दिले. चहाच्या खोलीत त्या पुन्हा कधी आल्या नाहीत, असे मला तिथल्या बाईने सांगितले. मी विचारले नव्हते. त्या घरात त्यांनी त्यानंतर पुष्कळ वर्षे काढली. कोणाशी बोलत असतील? हाका मारायला गुरेही राहिली नव्हती.

एकदा मी त्यांना पाहिले. गावातल्या बसथांब्यावर उभ्या होत्या, पाऊस पडत होता, पिशवी मनगटाला अडकवली होती. मी गाडीत एकटा होतो आणि त्यांच्याच दिशेने चाललो होतो. मी वायपर जोरात लावले, जणू काचेवरच्या पाण्यामुळे मला कोणी दिसलेच नाही, आणि पुढे गेलो.

या वसंतात त्या गेल्याचे स्थानिक वृत्तपत्रात वाचले. अंत्यविधी होऊन गेला होता. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही हल्ली कमी लेटर्स लिहिता, आर यू ओके?" मी म्हणतो, ठीक आहे. माझ्या एकटेपणाला शिक्षा समजू नका. शिक्षा कोणीतरी सुनावावी लागते, आणि मला कोणीही काही सुनावलेले नाही. पत्नी गेली, मुलीला तिचा संसार आहे, माणसे म्हातारी होतात. हे सगळे निरपराधांच्याही वाट्याला येते.

तर आता, नीट शब्दांत. मिसेस बार्लो माझ्याविषयी जे बोलल्या ते सत्य होते. मी त्यांच्या गुरांना हात लावला नव्हता. लावला, असे मी म्हणालो ते असत्य होते. आणि ते असत्य आहे हे ठाऊक असताना, सत्य बोलणाऱ्या बाईंना मी चारचौघांत त्यांचा शब्द गिळायला लावला.

हे मी मराठीत लिहितो आहे. त्या खोलीत बसलेल्यांपैकी एकालाही मराठी वाचता येत नाही. बदनामी ज्या जागी झाली त्याच जागी ती निस्तरली पाहिजे, हा नियम माझा आहे. मीच तो त्यांना लागू केला होता. त्या नियमाने या कागदाची किंमत शून्य आहे, आणि मी तसे मान्य करतो.

बाजार अजून दर गुरुवारी भरतो. इथून गाडीने फार लांब नाही. जिन्यावरची ती चहाची खोली चालू आहे, आणि त्या दिवशी ऐकणाऱ्यांपैकी काही जण अजून तिथे येतात, असे ऐकतो. हे सांगायला मी अद्याप गेलेलो नाही.